अडचणीतला रिव्हेट : बार शिरत नाही तिथे काय करायचं?

पहिले काही हजार रिव्हेट मजेत जातात. पत्रा टेबलावर सपाट पडलेला असतो, दोन्ही बाजूंना हात पोचतो, रिव्हेट गनचा आवाज एका लयीत लागतो आणि संध्याकाळी गॅरेजचं दार ओढून घेताना माणूस खूश असतो. मग एके दिवशी रडरच्या आत, दोन पत्रे निमुळते होत एकमेकांना भेटतात त्या सांदीत, शेवटचे दोन-तीन रिव्हेट उरतात. हात गेला तर रिव्हेटमागे धरायचा जड बार जात नाही, बार गेला तर नजर जात नाही.

घरी विमान बांधणाऱ्यांच्या मनात सतत येणाऱ्या शंका बहुतेक या सांदीतल्याच असतात. इथे पॉप रिव्हेट मारला तर चालेल का? डोकं थोडं कलतं बसलंय, काढू का ठेवू? लांब रिव्हेट घातला तर सोपं जाईल का? उत्तरं अवघड नाहीत, पण ती ऐन वेळी शोधली की चुकतात. म्हणून इथे सिद्धान्त बाजूला ठेवून, निर्णयाला लागेल तेवढंच सांगितलं आहे.

उदाहरणासाठी अमेरिकेतल्या व्हॅन्स एअरक्राफ्टची आरव्ही विमानं समोर ठेवू. ओरेगन राज्यातल्या ऑरोरा इथली ही कंपनी रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी सुरू केली. तिच्या किटमधून लोकांनी घरी बांधलेली ११ हजारांहून अधिक विमानं आजवर आकाशात गेली आहेत. आरव्ही-१२मध्ये बहुतेक पॉप रिव्हेटच असतात. आरव्ही-७, ८, १० किंवा १४ घेतलंत, तर भरीव रिव्हेट ठोकण्यावाचून सुटका नाही, आणि एका विमानात ते दहा हजारांच्या वर जातात. अमेरिका-कॅनडातल्या गॅरेजमध्ये असं किट उघडून बसलेल्या मराठी मंडळींना आणि इथे विमानदुरुस्तीचं शिक्षण घेणाऱ्यांना हे सारखंच लागू आहे.

हातात कुठला रिव्हेट आहे?

आरव्हीत मुख्यतः दोन जाती भेटतात. गोलसर डोक्याचा एएन ४७०, आणि पत्र्याच्या पातळीत बसणारा, १०० अंशांच्या उताराच्या डोक्याचा एएन ४२६. मधली अक्षरं धातू सांगतात. ‘एडी’ म्हणजे २११७ मिश्रधातू, आणि त्याच्या डोक्याच्या मधोमध एक बारीक खळगा असतो. हा खळगा पुढे रिव्हेट काढताना फार उपयोगी पडतो. डोकं अगदी कोरं असेल तर तो ‘ए’, म्हणजे जवळजवळ शुद्ध, मऊ ॲल्युमिनियम. सांदीत मऊ रिव्हेट चटकन दबतो म्हणून तो वापरायचा मोह होतो. तो आवरा. जिथे भार नाही तिथेच त्याची जागा.

एडीनंतरचा पहिला आकडा जाडीचा, इंचाच्या बत्तिसाव्या भागांत. ३ म्हणजे ३/३२ इंच, ४ म्हणजे १/८ इंच. दुसरा आकडा लांबीचा, सोळाव्या भागांत. एएन ४७० ची लांबी डोक्याखालून मोजतात, एएन ४२६ ची डोक्यासकट.

लांबीचा हिशेब साधा आहे: पत्र्यांची एकूण जाडी अधिक रिव्हेटच्या जाडीची दीडपट. समजा ०.०३२ आणि ०.०४० इंचाचे दोन पत्रे १/८ च्या रिव्हेटनं जोडायचे आहेत. ०.०७२ अधिक ०.१८७ म्हणजे जवळपास ०.२६ इंच. इथे ४ लांबीचा (०.२५ इंच) रिव्हेट पुरतो. ‘असू दे थोडा जास्त’ म्हणून ५ घातलात, तर बाहेर आलेला उंच दांडा बारखाली सरळ दबण्याऐवजी एका अंगाला झोपतो. मोकळ्या जागेत तो सावरता तरी येतो, सांदीत येत नाही. तेव्हा अडचणीच्या जागी लांबीबाबत हात आखडताच ठेवा. नेमक्या मापाचा नसेल तर रिव्हेट कटरनं लांब रिव्हेट कापून घ्या.

ठोकण्याआधी क्रम ठरवा

अडचणीच्या जागा फॅक्टरीतून येतात त्यापेक्षा जास्त आपणच तयार करतो. आज एक पत्रा बंद केला, उद्या लक्षात आलं की त्याच्या मागची चार भोकं राहिली. सांदीतल्या वाईट रिव्हेटचं मूळ बहुतेक वेळा तासाभरापूर्वी किंवा आठवडाभरापूर्वी ठोकलेल्या चांगल्या रिव्हेटमध्ये असतं!

म्हणून भाग जुळवून, सगळीकडे क्लेको, म्हणजे पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या पिना, लावून झाले की लगेच गन उचलू नका. ३/३२ ला चंदेरी आणि १/८ ला तांबूस क्लेको लागतात, त्यामुळे कुठल्या भोकात काय जाणार हे रंगावरूनच दिसतं. आता रिकामा बार हातात घेऊन एकेका भोकामागे नेऊन पाहा. जिथे बारचं सपाट तोंड दांड्याला काटकोनात टेकतं ते भोक तुमचं. जिथे टेकत नाही तिथे पत्र्यावर मार्करनं खूण करा. मार्करच हवा. पेन्सिलीतला ग्राफाइट ॲल्युमिनियमला गंजवतो. मग खुणा केलेल्या जागांसाठी पुढचे प्रश्न विचारा:

- हा रिव्हेट आत्ताच, शेजारचा भाग बसण्याआधी ठोकता येईल का?
- रिबचा फ्लँज किंवा मधलं भोक यातून हात किंवा स्क्वीझरचा जबडा जाईल का?
- नकाशात इथे आधीच वेगळा रिव्हेट सुचवलेला आहे का? कित्येकदा असतो, आणि बांधणारा तो न पाहताच झगडत बसतो.

पंखाच्या खालच्या पत्र्याचं उदाहरण घ्या. वरचा पत्रा ठोकून झालेला असतो, त्यामुळे खालचा लावताना पंखाची पेटी बंद होत जाते. रीत अशी की पत्रा एका कडेनं सैल ठेवून गुंडाळल्यासारखा उचलून धरायचा, आतल्या अंगाच्या रांगा आधी ठोकायच्या आणि हळूहळू बाहेर यायचं. ज्या कडेनं तुमचा हात आत जातो ती कड सर्वांत शेवटी, आणि शक्यतो अशी की तिथे स्क्वीझर चालेल. निरीक्षणासाठी ठेवलेल्या झाकणांची तोंडं आणि रिबमधली मोठी भोकं हेही तुमचे दरवाजेच आहेत. पत्रा उचलताना तो फार तीव्र वाकवू नका. शेवटच्या ठोकलेल्या रांगेपाशी एकदा घडी पडली की ती आयुष्यभर दिसते. एका माणसानं पत्रा नुसता धरून उभं राहायचं, एवढंच काम त्याला द्या.

इंधनाच्या टाकीत क्रमाला घड्याळही जोडलेलं असतं. सांध्यांना लावायचं सीलंट साधारणपणे दोन तास काम करू देतं. त्या दोन तासांत ‘हा बार शिरेल का’ याचा प्रयोग करायला वेळ नसतो. टाकीच्या बाबतीत बारची रंगीत तालीम कोरड्यावरच उरकून घ्या. टाकीची मागची भिंत बसवली की आत हात जायला वाटच उरत नाही. म्हणूनच तिथे काही जागी बंद टोकाचे पॉप रिव्हेट नकाशातच दिलेले असतात.

चार मार्ग, आणि ते याच क्रमानं

पहिला मार्ग स्क्वीझरचा. हातानं दाबायचा असो की हवेचा, स्क्वीझर रिव्हेटला दोन्ही बाजूंनी एकाच रेषेत दाबतो. ठोके नाहीत, घसरणं नाही, दर वेळी डोकं सारखं. जिथे जबडा पोचतो तिथे गन वापरणं हा हट्टीपणा आहे. पोच वाढवायला वेगवेगळे योक मिळतात. लांब पोचीचा चार इंची, लॉन्जरॉनच्या कोनात शिरणारा अरुंद, आणि ‘नो-होल’ योक. या शेवटच्यात एका बाजूला डाय बसवायचं भोकच नसतं, त्यामुळे तो जबडा पातळ राहतो आणि रिबच्या फ्लँजला चिकटून असलेल्या रिव्हेटपर्यंत जातो. एखादाच योक विकत घ्यायचा तर तो हाच घ्या. नटप्लेटचे इवलेसे ३/३२ रिव्हेट तर स्क्वीझरनंच दाबावेत. नटप्लेटचा एक कान भिंतीला लागत असेल तर दोन्ही कान एकाच बाजूला असलेली नटप्लेट मिळते, ती बसवा. भिंतीशी कुस्ती नको.

दुसरा मार्ग बॅक रिव्हेटिंगचा. यात गन उलट्या बाजूनं, म्हणजे दांड्यावर चालते, आणि फॅक्टरीचं डोकं जड, गुळगुळीत पोलादी पट्टीवर टेकलेलं असतं. पत्र्याचा बाहेरचा चेहरा सपाट राहतो, हा मोठा फायदा. टेबलावर तर हे सोपं आहेच. पण पत्रा जागेवर बसल्यानंतरही बाहेरून एकानं जड, सपाट बार धरला आणि आतून दुसऱ्यानं लांब बॅक रिव्हेट सेट चालवला तर बऱ्याच सांदी सुटतात. आत बार मावत नाही, पण बोटभर जाडीचा सेट मावतो, अशा जागी हा मार्ग लक्षात ठेवा.

तिसरा मार्ग नेहमीचा, गन आणि बार. त्याबद्दल पुढे सविस्तर.

चौथा मार्ग पॉप रिव्हेटचा. तो चौथाच आहे. सांदी दिसली की हात आधी त्याच्याकडे वळतो. तिथेच थांबा आणि वरचे तीन खरंच करून पाहिले का, ते स्वतःला विचारा.

एक जोडप्रश्न डिंपलचा असतो. सांदीत डिंपल डाय जात नाही. त्यासाठी मधोमध भोक असलेली डायची जोडी मिळते. तिच्यातून खिळा ओवून पॉप रिव्हेटच्याच साधनानं तो ओढायचा, की पत्रा दोन डायमध्ये दाबला जातो. नेहमीच्या डायइतका खळगा ठसठशीत उमटत नाही, म्हणून दोनदा ओढा. ड्रिल शिरत नसेल तर काटकोनी ड्रिल आणि त्याचे आटे असलेले आखूड बिट घ्या. वाकडं ड्रिल धरून पाडलेलं अंडाकृती भोक पुढे कुठलाही बार सुधारत नाही.

बार, सेट आणि दोन माणसांची बोली

बार म्हणजे लोहाराची ऐरण, फरक एवढाच की ती हातात धरायची असते. तिचं वजनच काम करतं. ३/३२ ला साधारण दोन-तीन पाउंड आणि १/८ ला तीन-चार पाउंड वजनाचा बार लागतो. सांदीत एवढं पोलाद मावत नाही, हीच खरी अडचण. टंगस्टनच्या मिश्रधातूचा बार त्याच आकाराच्या पोलादी बारच्या दुपटीहून जड भरतो, म्हणून तो महाग असूनही लोक घेतात. खर्च करायचाच असेल तर चकचकीत गनपेक्षा या बारवर करा. घेताना आकार पाहा. एक टोक तिरकं, पातळ असेल तर रिबच्या शेपटापर्यंत तोच जातो.

हलका बार वापरणं भाग असेल तर हवेचा दाबही कमी करा. १/८ साठी बरेच जण ४० पीएसआयच्या आसपास, ३/३२ साठी त्याहून कमी ठेवतात. हलक्या बारमागे मोठा दाब लावला की बार उडतो, रिव्हेट दबण्याऐवजी मार खाऊन कडक होत जातो, आणि पत्र्यावर खड्डे पडतात. पण अगदी कमी दाबावर बराच वेळ ठोकत राहणंही बरं नाही. थोडक्या दणक्यांत काम होणं चांगलं.

आत दिसत नाही तेव्हा बोटांना दिसलं पाहिजे. यासाठी एक साधी युक्ती आहे. बारच्या कडांना चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे रिबला ओरखडे येत नाहीत. मग पट्टीवर, बारच्या तोंडाला समांतर अशी मार्करची ठळक रेघ ओढा. बारचं तोंड दिसलं नाही तरी रेघ दिसते, आणि ती पत्र्याला समांतर असली की तोंडही समांतर आहे. बार दांड्यावर टेकवला की गन चालण्याआधी किंचित डुलवून पाहा. काटकोनात बसलेला बार टकटक करत नाही, कललेला करतो.

गनच्या बाजूचा जोर बारच्या बाजूपेक्षा जास्त असू द्या. उलटं झालं तर रिव्हेटचं डोकं पत्र्यावरून उचललं जातं, आणि दांडा दोन पत्र्यांच्या फटीतच फुगतो. हा दोष बाहेरून दिसत नाही, म्हणून जास्त वाईट. ठोकण्याआधी शेजारच्या दोन्ही भोकांत क्लेको असलेच पाहिजेत.

गन सरळ पोचत नसेल तर डबल ऑफसेट सेट मिळतो. त्यात ठोका गनच्या रेषेतून निघून बाजूला सरकून पडतो, त्यामुळे सेट घसरायला टपलेलाच असतो. दाब कमी ठेवा, दुसऱ्या हातानं सेटचं तोंड डोक्यावर दाबून धरा, आणि डोक्याभोवती चिकटपट्टीचे दोन थर द्या. सेट घसरला की एएन ४७० च्या कडेला अर्धगोल ओरखडा उमटतो. अमेरिकेत त्याला ‘स्मायली’ म्हणतात. बांधणाऱ्याला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. उथळ असेल तर घासून चकचकीत करा. खोल ओरखडा चिरेची सुरुवात ठरू शकतो.

दुसरा माणूस आत असेल तर बोलणं ऐकू येत नाही, कानात बोळे असतात. ते असलेच पाहिजेत, डोळ्यांवर चष्माही. अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाच्या, म्हणजे एफएएच्या, मेकॅनिकसाठीच्या पुस्तिकेत यासाठी टकटकीची बोली दिलेली आहे. बार धरणारा रिव्हेटवर टकटक करून सांगतो: एक टकटक म्हणजे पुरता दबला नाही, आणखी ठोक. दोन म्हणजे छान. तीन म्हणजे बिघडला, काढावा लागेल. घरातल्या मुलांनाही पाच मिनिटांत येते.

मुलांवरून आठवलं. दुसऱ्या महायुद्धात मिशिगनमधल्या विलो रन इथल्या फोर्डच्या कारखान्यात बी-२४ बॉम्बर बनत, आणि १९४४ मध्ये तिथून तासाला एक विमान बाहेर पडू लागलं होतं. एकेका विमानात तीन लाखांहून अधिक रिव्हेट. पंखाच्या पोटात शिरून काम करता यावं म्हणून त्या कारखान्यानं ठेंगण्या चणीच्या माणसांना मुद्दाम कामावर घेतलं होतं. ती युक्ती अजून जुनी झालेली नाही. घरात ज्याचा हात सर्वांत बारीक, त्याला बार द्या आणि गन तुम्ही धरा. अहंकाराचा प्रश्न करू नका.

ठेवायचा कुठला, काढायचा कुठला

बारच्या बाजूला तयार होणारं डोकं, म्हणजे शॉप हेड, आदर्श स्थितीत रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच असावं. १/८ साठी सुमारे ४.८ मिमी रुंद आणि १.६ मिमी उंच. पण आदर्श आणि स्वीकारार्ह यांत अंतर आहे, आणि बहुतेकांचा घोळ तिथेच होतो. घरी बांधणारे ज्या अमेरिकी लष्करी मानकाचा आधार घेतात, त्यातल्या किमान मर्यादा अशा:

- १/८ चा रिव्हेट: रुंदी ०.१६३ इंच, उंची ०.०५० इंच
- ३/३२ चा रिव्हेट: रुंदी ०.१२२ इंच, उंची ०.०३८ इंच

या मापांची भोकं असलेली छोटी पत्र्याची मापपट्टी बाजारात मिळते. सांदीत आरशानं पाहा आणि पट्टीनं तपासा, नुसत्या नजरेवर जाऊ नका. डोकं थोडं एका बाजूला सरकलं आहे, पण भोक पूर्ण झाकलं आहे आणि माप भरतंय? ठेवा. किंचित तिरकं आहे, पण पातळ बाजूलाही किमान उंची आहे? ठेवा. कमी दबला असेल तर अजून ठोकता येतो, तो दोषच नाही.

काढायचे ते हे: दांडा वाकून झोपलेला, डोक्याला चीर गेलेला, भोकाची कड उघडी पडलेला, पत्र्यांत फट राहिलेला, किंवा फॅक्टरीच्या डोक्याखाली पातळ पट्टी शिरेल असा.

सांदीतला रिव्हेट काढणं हे तो ठोकण्यापेक्षा अवघड असतं, आणि दुसऱ्या रिव्हेटला पहिल्यापेक्षा मोठं भोक मिळतं. सुबक दिसावा म्हणून चालण्यासारखा रिव्हेट काढणं हा या कामातला सर्वांत महाग पडणारा छंद आहे.

काढायचाच असेल तर

फॅक्टरीच्या डोक्यातल्या खळग्यावर ड्रिल टेकवा, बिट दांड्यापेक्षा किंचित बारीक घ्या, आणि फक्त डोक्याच्या उंचीइतकंच खोल जा. आरपार नाही. मग त्याच मापाची पिन भोकात घालून डोकं बाजूला कलवलं की ते तुटून येतं. राहिलेला दांडा मागून आधार देऊन पंचनं हलकेच ठोकून बाहेर काढा. आधार नसेल तर पातळ पत्रा वाकतो. दांडा हलत नसेल तर मागचं शॉप हेड कटरनं दोन तुकडे करून काढा आणि उरलेला पुढून ओढा.

भोक मोठं झालं तर दोन वाटा. ३/३२ च्या डिंपलमध्येच बसेल असं लहान डोकं, पण १/८ चा दांडा असलेले एनएएस १०९७ जातीचे रिव्हेट मिळतात. बांधणारे त्यांना ‘ऊप्स रिव्हेट’ म्हणतात. मूठभर आणूनच ठेवा. दुसरी वाट म्हणजे सरळ एक माप मोठा रिव्हेट. दोन्हींत कडेचं अंतर मोजा. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत रिव्हेटच्या जाडीच्या किमान दुप्पट अंतर हवं. रिबचे फ्लँज अरुंद असतात, आणि सांदीतलं ड्रिल नेमकं कडेकडे सरकतं. अंतर भरत नसेल तर तिथे थांबा, आणि कंपनीच्या तांत्रिक विभागाला फोटोसह विचारा.

पॉप रिव्हेट कुठे चालतो?

१/८ चा एडी रिव्हेट आडव्या ताणाला साधारण ३८८ पाउंड धरतो, ३/३२ चा २१७. बदली रिव्हेट निवडताना हे आकडे समोर ठेवा. सगळे पॉप रिव्हेट एका तोलाचे नसतात. आरव्ही किटमध्ये येणारे एलपी ४-३ सारखे रिव्हेट हलक्या कामाचे. चेरीमॅक्स जातीच्या रिव्हेटमध्ये मधली काडी आत कुलूपबंद होऊन राहते. त्याची ताकद भरीव रिव्हेटच्या वर जाते, पण किंमतही तशीच असते, आणि जाडीनुसार नेमकी ग्रिप निवडावी लागते. त्यासाठी ग्रिपमापक वापरा, अंदाज नको.

रिबच्या निमुळत्या शेपटाकडचा शेवटचा रिव्हेट, पंखाच्या टोकाचं फायबरग्लास, भार नसलेल्या कंसपट्ट्या, अशा जागी नकाशा किंवा कंपनी परवानगी देत असेल तर खुशाल पॉप मारा. स्पार, लँडिंग गिअरचे जोड, शेपटीचे जोड आणि इंजिनमागच्या भिंतीचे कोपरे इथे कंपनीच्या लेखी उत्तराशिवाय एकही भरीव रिव्हेट बदलू नका. फोनवर कुणी ‘चालून जाईल’ म्हटलं, तर ते लेखी नव्हे.

तुमचे हक्क, आणि बंद करण्याआधीची तपासणी

अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानासाठी अट अशी की कामाचा मोठा हिस्सा हौसेनं किंवा शिकण्यासाठी बांधणाऱ्यांनीच केलेला असावा. विमानाचा उत्पादक म्हणून तुमचंच नाव लागतं. त्यामुळे बदल करण्याचं स्वातंत्र्य तुम्हाला आहे आणि उत्तरदायित्वही. मुख्य बांधणारा त्या विमानापुरतं रिपेअरमन प्रमाणपत्र मागू शकतो आणि दर वर्षीची तपासणी स्वतः करू शकतो. त्या अर्जाला बांधकामाची नोंदवही आणि फोटो लागतात. पत्रा बंद करण्याआधी आतल्या प्रत्येक कप्प्याचा फोटो काढा, सांदीतल्या रिव्हेटचे जवळून.

कॅनडात पत्रा बंद होण्याआधी अधिकृत तपासनीसाकडून आतलं काम पाहून घेणं बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनचा तपासनीस टप्प्याटप्प्यानं सही करतो. अमेरिकेत तशी सक्ती नाही, आणि म्हणूनच तिथे लोक बेसावध राहतात.

भारतात हा रस्ता किती लांबचा आहे हे कॅप्टन अमोल यादव यांच्या अनुभवावरून दिसतं. त्यांनी कांदिवलीतल्या चारकोपमध्ये, इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभारलं. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, नोंदणी व्हायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला, आणि चाचणी उड्डाण धुळ्याच्या धावपट्टीवर २०२० मध्ये झालं. भारतात बांधायचा विचार असेल तर पहिलं भोक पाडण्याआधी डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाकडे, कागद सुरू करा.

बंद करण्याआधी चिरांकडेही पाहा. व्हॅन्सच्या काही किटमध्ये लेसरनं कापलेल्या भोकांना डिंपल करताना चिरा जात असल्याचं २०२३ मध्ये उघड झालं. त्या भागांची बदली आणि इतर आर्थिक ताण यांतून कंपनीला त्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरी कायद्याखाली संरक्षण मागावं लागलं, आणि पुढे ती सावरली. अर्धवट बांधलेलं जुनं किट विकत घेत असाल तर भाग कुठल्या काळातले आहेत हे आधी विचारा, आणि प्रत्येक डिंपलची कड भिंगाखाली तपासा.

अमेरिकेत असाल तर ईएए या संस्थेचे टेक्निकल काउन्सेलर स्वयंसेवक म्हणून घरी येऊन काम पाहतात, पैसे घेत नाहीत. पंखाचा खालचा पत्रा अजून उघडा असेल, तर या आठवड्यातच त्यांना बोलावून घ्या.